ओव्हाळ बाईंचं वाक्य

संध्या ओव्हाळ खुर्चीला पाठ टेकून बसलेली मी एकतीस वर्षांत दहा वेळासुद्धा पाहिली नसेल. अंबरनाथ पूर्वेला आमची शाळा. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. माझ्या टेबलामागे मी आणि निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा. तिच्या टेबलामागे नुसती तिची पर्स. बाई स्वतः खिडकीशी, नाहीतर कपाटाशी, नाहीतर दारात. डबासुद्धा उभ्याने खायची, डोळे प्रयोगशाळेच्या कुलपाकडे लावून. मी वैतागून म्हणायची, "बस की गं जरा. तुझ्याकडे बघून माझ्या पोटात गोळा येतो." त्यावर ती घास थांबवून विचारणार, "गोळा म्हणजे नेमकं काय येतं?"

माझी अर्धी नोकरी या असल्या प्रश्नांना तोंड देण्यात गेली. बोलण्यात विज्ञान चुकलं की तिला राहवायचंच नाही. मी म्हटलं, "आज त्या नववी ब-ने माझं रक्त उकळवलं," की ती म्हणे, "सदतीस अंश आहे. उकळलं असतं तर तू इथे नसतीस." काळजात धस्स झालं म्हणावं, तर, "काळीज म्हणजे मटणवाल्याकडची कलेजी. ती धस्स करत नाही, पित्त करते." गोधडी ऊबदार आहे म्हणायची सोय नव्हती, ऊब आपल्या अंगाची, गोधडी ती फक्त अडवते. सूर्य मावळला म्हटलं तरी तिचा चेहरा बदलायचा. "तो कुठे जात नाही गं. आपण फिरतो." मी एकदा चिडून म्हटलं, "मग आधी तुझं संध्या हे नाव बदल आणि मग माझ्या सूर्याकडे ये." यावर ती पाच मिनिटं हसत होती. तेही येरझाऱ्या घालत.

एका मे महिन्यात पेपर तपासायला आम्ही शाळेत जमलो होतो. कोणीतरी पपई कापून आणली होती. मी म्हटलं, "मला नको. उष्ण पडते." झालं. ती तरातरा प्रयोगशाळेत गेली, तापमापी घेऊन आली आणि ती पपईच्या फोडीत खुपसली. मग माझ्या ताकाच्या ग्लासात. दोन्हीकडे एकतीस. "सांग आता, यातलं उष्ण कोणतं आणि थंड कोणतं?" मी म्हटलं, "अगं, उष्ण म्हणजे तसं उष्ण नाही." "मग कसं?" पपई मी त्या दिवशी खाल्ली आणि मला काही झालं नाही, हे कबूल करते. पण तिने तापमापी लावलेली फोड कोणी खाल्ली नाही, हेही खरं.

लोक तिला टाळायचे. हळदीकुंकवाला, बारशाला, कुणाच्या आजारपणात, जिथे म्हणून माणसं सल्ले देतात तिथे ती गेली की वाद ठरलेला. नाकातून रक्त आलं की डोकं मागे करा, भाजलं की टूथपेस्ट लावा, फिट आली की चप्पल हुंगवा, असं कोणी नुसतं पुटपुटलं तरी ती मध्ये पडायची. आमच्या शाळेत तिला पाठीमागे 'खोडरबर' म्हणत. मीही म्हणायचे. एवढं कशाला चिडायचं, बोलण्यातल्या गोष्टी त्या, असं मला वाटायचं. माणसं बोलतात, कोणी मरत नाही त्याने.

हे मी तिला एकदा तोंडावर बोलले. बारवी धरणावर आठवीची सहल गेली होती. मुलं डबे उघडून बसली होती आणि एक कुत्रं वास काढत आलं. संध्याने जो आरडाओरडा केला तो पाहून मुलं घाबरली. हातातली छत्री घेऊन ती त्या कुत्र्यामागे पार शेताच्या बांधापर्यंत धावत गेली. परत आली तेव्हाही छत्री उगारलेलीच होती. मी म्हटलं, "कुत्रंच ते. चावलं असतं तर काय, पुढचं पुढे पाहिलं असतं." तेव्हा ती खडकावर बसली. खरोखर बसली, आणि तिने मला नरेंद्रची गोष्ट सांगितली.

नरेंद्र तिचा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा. वडील सुदाम कारखान्यात कामाला, आई रखमा घरी, आणि अंबरनाथच्याच एका चाळीत खोली. नरेंद्रला गल्लीतलं कुत्रं पोटरीला चावलं. सगळी चाळ जमली. कुत्र्याचं विष तिखटाने मरतं, असं सगळेच म्हणत होते. शेजारच्या म्हातारीने मूठभर लाल तिखट आणलं, वडिलांनी ते जखमेत भरलं आणि वरून फडकं बांधलं. पोर तिखटाने तडफडलं तर लोक म्हणाले, बघा, विष जळतंय. "घरातले देव छप्पन साली आजोबांनी सोडले होते," संध्या म्हणाली. "तिखट सोडा असं कोणी सांगितलं नव्हतं." दोन महिन्यांनी नरेंद्र पाण्याचा पेला पाहून किंचाळायला लागला. चौथ्या दिवशी गेला.

"साबण आणि पाणी, कुंदा. भरपूर पाणी, आणि मग इंजेक्शनं. नळ आमच्या दारापासून दहा पावलांवर होता. मी मोजलीत."

त्यानंतर मी तिला खोडरबर म्हटलं नाही.

आता त्या वाक्याकडे येते. ते आल्याशिवाय ही बाई कळायची नाही, आणि मीही.

नोकरीला तीनेक वर्षं झाली असतील. प्रयोगशाळेत एका मुलीने चंचुपात्रातल्या तीव्र सल्फ्युरिक आम्लात वरून पाणी ओतलं. ते उसळलं. कोणाला लागलं नाही, पण एका वहीला भोकं पडली. संध्या दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. भिंतीवर लावायची सूचना लिहिली होती. तीन वाक्यं होती. आम्ल सौम्य करताना पाण्यात थोडं थोडं आम्ल घालावं, आणि सतत ढवळावं. आम्लात पाणी कधीही घालू नये, कारण उष्णता निर्माण होऊन ते उसळतं. मात्र आम्ल अंगावर उडाल्यास ताबडतोब नळाखाली धरून किमान वीस मिनिटं भरपूर पाण्याने धुवावं.

"लक्षात राहील असं करून दे," ती म्हणाली. "तू मराठीची."

मला काय, हातचा मळ. मी पेन घेतलं आणि दहा मिनिटांत दोन ओळी केल्या.

आम्ल पाण्याच्या घरी जाई,
पाणी आम्लाच्या घरी नाही.

ती वाचून म्हणाली, "आणि तिसरं? अंगावर उडाल्याचं?" मी म्हटलं, "ते यमकात बसत नाही. ते तू तोंडी सांग." ती कागद घेऊन जरा वेळ उभी राहिली, पण वर्ग सुरू होत होता. तिने मान हलवली आणि गेली.

त्या दोन ओळी इतक्या चालल्या की काय सांगू. ती पहिली ओळ म्हणायची, मुलं दुसरी ओरडायची आणि 'नाही'वर बाकं वाजवायची. माझ्या वर्गापर्यंत ऐकू यायचं. मी मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगायची, ही माझी कविता बरं का. तिसरं वाक्य संध्या दर वर्षी तोंडी सांगायची. मुलं ते ऐकायची, पण तोपर्यंत बाकं वाजवून झालेली असायची. परीक्षेतही तो प्रश्न नसायचा.

गेल्या जानेवारीत दोन हजार तीनच्या दहावीच्या बॅचने स्नेहमेळावा ठेवला. आम्ही दोघी निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. अंबरनाथलाच हॉल, शाल-श्रीफळ, मागे आमच्या फोटोंचा बॅनर. माझा फोटो बरा होता, संध्याचा हललेला होता. मुलं एकेक करून उठत होती आणि ओव्हाळ बाईंच्या गमती सांगत होती. पपईची गोष्टही कुणाला तरी माहीत होती. संध्या पहिल्या रांगेत बसली होती, म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकली होती, पण खूश होती. मला बरं वाटत होतं.

मग कैलास उठला. शाळेत शेवटच्या बाकावरचा, आता अंगाने भरलेला, गळ्यात चेन. राहायला उल्हासनगर कॅम्प एकला, आणि बदलापूरला त्याचं प्लेटिंगचं युनिट. लोखंडी-पितळी वस्तू ॲसिडमध्ये बुडवून साफ करायच्या आणि त्यांच्यावर चकाकी चढवायची, असं काम.

"बाई, आपला सगळा धंदाच ॲसिडचा," तो माईकवर म्हणाला. "दहावीला सायन्समध्ये मला छत्तीस होते, पण तुमचं एक वाक्य असं फिट बसलंय ना डोक्यात! युनिट टाकलं तेव्हा पहिला काय केला, तर पाटी लावली. खाली तुमचं नाव टाकलं. आपल्याकडे कोणी पण नवीन माणूस आला की पहिला ती पाटी वाचायची, मग कामाला हात लावायचा. मागे एकाच्या हातावर उडालं. बाजूला नळ होता, पण एकाने पाणी नाही लावलं, बाई! डिसिप्लिन! कापडाने पुसला, वर चुना लावला आणि डायरेक्ट हॉस्पिटल. माणूस वाचला. तुमच्यामुळे."

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी पहिली ओळ म्हटली आणि सगळा हॉल ओरडला, "पाणी आम्लाच्या घरी नाही!" चाळिशीकडे झुकलेल्या त्या माणसांनी खुर्च्यांचे हात वाजवले.

मीही हसत होते. शरम वाटते सांगायला, पण पहिले दोन-तीन क्षण मला अभिमानच वाटला. मग शेजारी पाहिलं. संध्या उभी होती. शाल खांद्यावरून खाली पडली होती आणि तिच्या लक्षात नव्हतं.

"पाटीवर काय लिहिलंयस?" तिने विचारलं. तिच्याकडे माईक नव्हता, पण पंचेचाळीस मुलांच्या वर्गाला पुरणारा आवाज होता.

"ॲसिडला पाणी लावू नये. सिंपल, बाई. ती कविता लोकांना लांब पडते."

"युनिट आज चालू आहे?"

"चालू ना. आपल्याकडे सुट्टी शुक्रवारी."

"चल."

"बाई, जेवण लागलंय. श्रीखंड आहे. दोन वाजता निघू ना, मी स्वतः गाडीने —"

"आत्ता चल, कैलास."

जेवणाच्या रांगेतून, पुऱ्यांच्या वासातून आम्ही बाहेर पडलो. मी का गेले? मला तिला एकटीला सोडवेना, हे एक. आणि दुसरं म्हणजे माझ्या पोटात गोळा आला होता, आणि या वेळी तो नेमका काय होता ते मला सांगता आलं असतं. गाडीत कैलास सारखा विचारत होता, "पण बाई, चुकलं काय?" ती त्याला समजावत होती. थोडं पाणी आम्लात गेलं तर उष्णता होते, उसळतं, म्हणून ओतायचं नाही. पण धो धो पाणी अंगावर सोडलं तर ती उष्णताही वाहून जाते आणि आम्लही. बाटलीचा नियम वेगळा, कातडीचा वेगळा. कैलास मान डोलवत होता, पण सिग्नल आला की पुन्हा म्हणत होता, "म्हणजे लावायचं पाणी?"

"लवकर चालव," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "कुंदा, काळजात धस्स झालंय गं." तिच्या लक्षातही आलं नाही काय बोलली ते.

पत्र्याची शेड. आत ओळीने टाक्या, उग्र वास, पंख्यांचा आवाज, सात-आठ माणसं कामात. आणि समोरच भिंतीवर पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत ती पाटी. 'ॲसिडला पाणी लावू नये.' खाली छोट्या अक्षरांत, 'ओव्हाळ बाई'.

तिने ती वाचली. मग सरळ विचारलं, "हातावर उडालं होतं तो माणूस कुठे आहे?"

कैलासने हाक मारली तसा टाकीमागून एक चाळिशीचा माणूस आला. जितेश त्याचं नाव, बदलापूरच्या पलीकडच्या गावातला. ओव्हाळ बाई म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "तुम्हीच का त्या? पाटीवाल्या बाई?" म्हणत तो पाया पडायला वाकला. संध्याने त्याला वरच्या वर धरलं, आणि धरताना त्याचा उजवा हात तिच्या हातात आला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सुरकुतून चकाकत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वाकून तशीच राहिली होती.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"आता नाय. बोटं सरळ होत नाय, घास घेताना जरा त्रास. पण बाई, हात वाचला. शेठ बोलले, पाणी लावलं असतं तर पूर्ण गेला असता. मी त्या टायमाला एवढा पेटलेलो ना, नळाकडं पळत होतो. दोघांनी मला धरून ठेवला." तो हसला. "बरं झालं, धरून ठेवला."

मी संध्याचा दंड धरला. माझ्या मनात एकच होतं, नको सांगूस. पाटी काढ, नवीन लाव, सगळ्यांना शिकव, पण या माणसाला नको सांगूस. बोटं तर परत येणार नाहीत. त्याच्याकडे निदान एवढं समाधान आहे, ते तरी ठेव. कैलासलाही तेच वाटलं असावं. तो कुजबुजला, "बाई, झालं ते झालं. जाऊ द्या ना."

तिने माझा हात सोडवला. "उद्या दुसऱ्या कोणावर उडालं आणि तो नळाकडे पळाला, तर त्याला धरून ठेवायला पहिला कोण धावेल? हाच."

आणि तिने सांगितलं. सोप्या शब्दांत, त्याच्या तोंडाकडे बघत, त्याचा हात न सोडता. तुम्ही नळाकडे पळत होतात ते बरोबर होतं. पाणी लगेच आणि वीस मिनिटं लावलं असतं तर हात एवढा जळला नसता. बोटं बहुधा राहिली असती. पाटी चुकीची आहे.

जितेशने मान वळवून नळाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. साधा पितळी नळ, खाली निळं पिंप.

"नळ तर इथंच होता," तो म्हणाला.

संध्याने त्याचा हात सोडला आणि ती ॲसिडच्या टाकीपासून नळापर्यंत चालत गेली. ओठ हलत होते. ती काय मोजते आहे ते तिथे फक्त मला माहीत होतं. नळाला हात लावून ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नऊ."

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मग हे पहिलं बोललं कोण?" जितेशने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी," संध्या म्हणाली. "माझी चूक आहे. मला माफ करा."

तिने हात जोडले. मी तिच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होते. दोन ओळी माझ्या होत्या. तिसरी मी कापली होती, यमकासाठी. सगळ्या बॅचेसना 'ही माझी कविता' म्हणून सांगणारी मी, त्या शेडमध्ये माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी पर्सचा बंद घट्ट धरून पाटीकडे बघत राहिले. संध्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पाटी कैलासने तिथल्या तिथे उतरवली. पुढचा आठवडा संध्याने घर डोक्यावर घेतलं. अठ्ठावीस-एकोणतीस बॅचेस, त्यातल्या जितक्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप होते तितक्यांवर तिने आवाजी निरोप पाठवले. "मी ओव्हाळ बाई बोलते आहे. मी तुम्हाला शिकवलेलं एक वाक्य अर्धं आहे. ते तसं कोणालाही सांगू नका." उत्तरं काय आली? जोडलेले हात. फुलं. 'बाई यू आर ग्रेट.' 'शुभ सकाळ.' एकाने तर ती कविताच टाइप करून खाली टाळ्या टाकल्या. ती प्रत्येकाला फोन करत सुटली. काहींना ॲसिडचं काम पडतच नव्हतं, काहींना ॲसिडने घासायची बाथरूमची फरशी आठवली. ज्यांचे नंबर मिळेनात त्यांच्या घरी ती चालत गेली.

चौथ्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. "नवीन पाटी लिहून दे."

मी म्हटलं, "मला नको सांगूस."

"तूच लिही. पण या वेळी यमक नको. काही गळायला नको."

आम्ही दोघींनी दुपारभर ते लिहिलं. मी लिहायची, ती उभी राहून एकेक शब्दावर विचारायची. 'लगेच' म्हणजे किती लगेच? आधी कपडे काढायचे की आधी पाणी? पाणी चालू करून कपडे काढायचे. चुना, सोडा, तिखट, काही नाही. तिखट कशाला, मी म्हटलं, ॲसिडवर कोणी तिखट लावत नाही. ती म्हणाली, "राहू दे." आणि बारवी धरणाची पाण्याची लाइन मध्येच बंद झाली तर? पिंप रोज भरलेलं पाहिजे, तेही लिही. शेवटी अकरा ओळी झाल्या. माझ्या आयुष्यात मी इतकं बेढब मराठी लिहिलेलं नाही, आणि त्यातला एक शब्द कापायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी दुपारी कैलासने काम थांबवलं. अकरा ओळींची पाटी भिंतीवर चढली. संध्याने एकेकाला वाचायला लावली आणि मग म्हणाली, "वाचून काही होत नाही. हात ठेवायचा नळाखाली. वीस मिनिटं, घड्याळ लावून. सवय होऊ दे." पहिला कैलासला धरला. तो सातव्या मिनिटाला म्हणाला, "बाई, झालं ना?" तेरा बाकी होती.

ते चालू असताना मी शेडच्या दाराशी जितेशला गाठलं. रात्रंदिवस घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. ते वाक्य ओव्हाळ बाईंचं नाही. त्यांनी बरोबर लिहिलं होतं. मी कापलं. मी तेव्हा बोलले नाही, मी घाबरले.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई परवा घरी आलेल्या माझ्या. बोलल्या, मराठीच्या बाई येतील, बोलतील, वाक्य माझं आहे म्हणून. ऐकून घ्या, पण धरू नका. शिकवलं मी, तर ते माझंच."

मी तिथेच भिंतीला टेकले. रडू येत होतं आणि राग येत होता, तिचा, माझा, त्या यमकाचा. जितेश माझ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने शर्टाची बाही वर केली आणि तो नळाकडे चालत गेला.

आधीच्याची वीस मिनिटं नुकतीच संपली होती, पण जितेशची पाळी नव्हती. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने तो आक्रसलेला हात नळाखाली धरला, डाव्या हाताने तोटी पूर्ण सोडली, आणि संध्याकडे पाहिलं.

तिने घड्याळ लावलं.

पाणी हातावरून कोपरापर्यंत, कोपरावरून पिंपात पडत होतं. पाच मिनिटं. दहा. जितेश हलला नाही. वाकलेल्या दोन बोटांच्या मध्ये पाणी साचत होतं आणि वाहून जात होतं. संध्या त्याच्या शेजारी उभी होती, तिचा पाय एकदाही जागचा हलला नाही. एकतीस वर्षांत मी तिला इतका वेळ एका जागी पाहिलं नव्हतं.

"झाली का, बाई?" त्याने विचारलं.

"अजून चार," ती म्हणाली.

त्याने हात तसाच ठेवला.